सॅकमध्ये मावणारी बंदूक

या कॉलममध्ये आपण आतापर्यंत सॅक झाल्या, शूज झाले, टेंट आणि हेडलॅम्पसुद्धा झाले. पण गेल्या महिन्यात एका मित्राने जो प्रश्न टाकला, तो या कॉलमच्या इतिहासात कुणीच विचारला नव्हता. "यार, ट्रेकला न्यायला एक हलकी टेकडाउन पॉइंट टू-टू घ्यायची आहे. कुठली घेऊ?"

मित्र मूळचा बुलढाण्याचा. नोकरी हिंजवडीत, आयटीत. अमेरिकन बॅकपॅकर्सचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात एक पिक्चर तयार झालेलं. सुट्टीत गावी जायचं, ज्ञानगंगेच्या बाजूला दोन रात्री तंबू ठोकायचा, संध्याकाळी एखादा ससा किंवा तितर टिपायचं, शेकोटी पेटवायची आणि सकाळी बंदुकीचे दोन तुकडे करून सॅकमध्ये टाकून परत. एकदम हॉलिवूड!

आता हसून सोडून देता आलं असतं. पण गॅजेटबद्दल प्रश्न आला की तो नीट तपासायचा, हा आपला नियम. म्हणून आधी बंदूक बघू. मग ती बुलढाण्यात नेऊन बघू.

टेकडाउन म्हणजे काय, बॉस?

टेकडाउन म्हणजे जिचे दोन-तीन भाग सुटे होतात आणि पुन्हा जोडता येतात ती रायफल. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे. मूळ फंडा जागा वाचवण्याचा. यातली सगळ्यात फेमस म्हणजे एआर-७. ती यूजीन स्टोनर या इंजिनिअरने डिझाइन केली. हा तोच माणूस, ज्याच्या एआर-१५ वरून पुढे अमेरिकन सैन्याची एम-१६ आली. एआर-७ ची कल्पना निघाली ती विमान पाडलं गेलेल्या वैमानिकासाठीच्या जगण्याच्या बंदुकीतून. नळी, मॅगझिन, सगळे भाग तिच्या पोकळ प्लॅस्टिकच्या दस्त्यात जातात. दुमडली की साधारण ४२ सेंटिमीटर, वजन सुमारे १.६ किलो, आणि पाण्यात पडली तर तरंगते. म्हणजे आपल्या लॅपटॉपपेक्षा जास्त सोशिक!

दुसरी रुगर १०/२२ टेकडाउन. मूळ १०/२२ ही १९६४ सालची, सुटी होणारी आवृत्ती आली २०१२ मध्ये. वजन दोन किलोच्या थोडं पुढे, दहा गोळ्यांचं गोल फिरतं मॅगझिन. तिसरी ब्राउनिंगची एसए-२२, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १९१४ पासूनचं. नळी थोडी फिरवली की बंदूक दोन तुकड्यांत. दिसायला अशी देखणी की भिंतीवर लावावी. आणि सगळ्यात हलकी म्हणजे चिआपाची लिटल बॅजर. तारेच्या दस्त्याची, मधोमध दुमडणारी, एका वेळी एकच गोळी, वजन सुमारे १.३ किलो.

निवडायची कशी? जाणकार तीन गोष्टी बघतात. पहिली, वजन. पण फक्त बंदुकीचं नाही, केस, गोळ्या, साफसफाईचं सामान धरून. दुसरी, जोडायला किती वेळ आणि किती हत्यारं लागतात. पाना लागणारं मॉडेल असेल आणि पाना घरी राहिला, तर सॅकमध्ये नुसतं लोखंड वाहत बसा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पुन्हा जोडल्यावर नेम तोच राहतो का. पुढची आणि मागची दोन्ही माशी नळीवरच असतील, तर नळी काढली-लावली तरी दोघींचं नातं बदलत नाही. पण दुर्बीण मागच्या भागावर बसवली आणि नळी वेगळी होत असेल, तर जोड केसभर सैल असला तरी गोळी बोटभर बाजूला जाते. हलकी बंदूक हातात जास्त हलतेही. म्हणजे वजन वाचवलं की नेम थोडा गेला. फुकट काही मिळत नाही.

पॉइंट टू-टू इतकी पॉप्युलर का?

.२२ म्हणजे नळीचा व्यास ०.२२ इंच, साधारण ५.६ मिलिमीटर. 'रिमफायर' म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नाही, कडेच्या पट्टीत भरलेला असतो. घोडा ओढला की सुई त्या कडेवर आपटते. रचना साधी, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त आणि इतकं छोटं की पन्नासांचा डबा मुठीत मावतो. आज सगळीकडे चालतं ते .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासूनचं आहे.

पण छोटं म्हणजे खेळणं नाही हं! अडीच ग्रॅमच्या आसपासची ही गोळी सेकंदाला तीनशे मीटरच्या वर वेगाने निघते. नळी वर धरून सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. सशावर मारलेली आणि चुकलेली गोळी कुणाच्या शेतात, कुणाच्या गोठ्यात जाऊन पडेल, हे मारणाऱ्याला कळतसुद्धा नाही. घाटावरचं असो की घाटाखालचं, बुलढाणा जिल्ह्यात दीड किलोमीटर अंतरात माणूस नाही अशी जागा शोधून दाखवा.

आता चला बुलढाण्याला

इथून पुढे व्हिडिओ संपतो आणि कायदा सुरू होतो. कंटाळू नका, कारण हाच भाग पाच वर्षं वाचवणारा आहे.

पहिला दरवाजा शस्त्र कायद्याचा, १९५९ चा. .२२ रायफलला परवाना लागतो. आणि गंमत बघा, याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पॉइंट टू-टू रायफलचा नाव घेऊन उल्लेख आहे. कशासाठी? मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने टार्गेट प्रॅक्टिस करण्यासाठी. त्याच कलमात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचाही उल्लेख आहे. ट्रेकिंगचा नाही, शेकोटीचा नाही, सशाचा तर नाहीच नाही.

बरं, तुकडे करून नेली तर? त्यानेही सुटका नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच. नुसती नळी सॅकमध्ये सापडली तरी प्रश्न तोच. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. आणि वर सांगितलेली मॉडेल्स? परदेशी बंदूक आयात करायची सवलत नामांकित नेमबाजांना आणि रायफल क्लबना. तुम्हा-आम्हाला नाही. म्हणजे इतका वेळ आपण विंडो शॉपिंग करत होतो.

दुसरा दरवाजा वन्यजीव संरक्षण कायद्याचा, १९७२ चा. सुरुवातीला या कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीत ते प्रकरणच काढून टाकलं. आज हौसेच्या शिकारीचा परवाना या देशात कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. ससा, तितर, लावा, म्हणजे ज्याला इंग्रजी व्हिडिओत 'स्मॉल गेम' म्हणतात ते सगळं या कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. शिकारीची व्याख्याही मोठी आहे. मारणं, पकडणं, फास लावणं, हाकारा करणं, आमिष लावणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, ही सगळी शिकारच. नेम चुकला, ससा पळाला, तरी गुन्हा झालाच. आणि जप्त झालेलं हत्यार आणि गाडी सरकारजमा होऊ शकते. ईएमआय मात्र तुम्हीच भरायचे.

तिसरा दरवाजा खास बुलढाण्याचा. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ सालचं, साधारण २०५ चौरस किलोमीटर, बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये पसरलेलं. लोणारचं सरोवरसुद्धा अभयारण्य आहे आणि वर सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा आहे. अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. शस्त्र घेऊन शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी घेतलेली लेखी परवानगी. एवढंच नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा शस्त्र परवाना हवा असेल तर त्यांची संमती आधी लागते. नकाशावर ज्ञानगंगेभोवती दहा किलोमीटरची रेघ ओढून बघा, बुलढाण्याचं गणित आपोआप कळेल.

"मग एअरगन?" हा पुढचा प्रश्न येतोच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२ रिमफायरची ताकद याच्या सहा-सात पट असते, त्यामुळे नळीचा आकडा ऐकून दोघींची गल्लत करू नका. पण परवाना लागत नाही याचा अर्थ पाखरं मारायला मोकळीक असा नाही. वन्यजीव कायदा हत्यार बघत नाही. एअरगनने मारलं काय, गलोलीने मारलं काय, तितर तेच आणि कलमही तेच.

"पण अस्वल आलं तर?"

मित्राचा हा शेवटचा हुकमी एक्का. ज्ञानगंगेत अस्वलं आहेत, बिबटे आहेत, हे खरं. पण अस्वलावर पॉइंट टू-टू झाडणं म्हणजे त्याला चिडवण्याचा सगळ्यात महाग मार्ग. जखमी अस्वल आणि त्याच्यासमोर बंदूक जोडत बसलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुढचं मी लिहीत नाही.

त्या भागातली मंडळी काय करतात? अस्वलाची नजर आणि कान फारसे तेज नसतात, नाक मात्र जबरदस्त. खाण्यात किंवा वारूळ उकरण्यात गुंग असलं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग दचकून ते अंगावर येतं. म्हणून रानातून एकट्याने जायचं नाही, गुपचूप जायचं नाही, बोलत, काठी आपटत जायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपात शिरायचं नाही. यातल्या कशालाही परवाना लागत नाही.

मित्राच्या काकांना मी फोनवर हा सगळा किस्सा सांगितला. त्यांची शेती जंगलाच्या कडेला आहे, रात्र रात्र जागून रोह्यांचे कळप हाकलण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "अरे बाप्पा, सशासाठी बंदूक? मंग रोह्यासाठी काय तोफ आनतं का तो?" आणि मग जरा थांबून, "आमचं पीक जाते तरी आमी कागद घेऊन वनखात्याच्या दारात उभे राहतो. अन् याले मौज म्हनून मारायचं हाय?"

खरं सांगते, हे ऐकून मी पुढचे प्रश्न गुंडाळून ठेवले. ज्याचं उभं पीक रोही आणि रानडुकरं लोळवून जातात, त्याच्यासाठी कायद्यात नुकसानभरपाईची आणि परवानगीची अर्ज-पंचनाम्याची वाट आहे, आणि ती किती लांबची आहे हे त्यालाच माहीत. आपण मात्र दोन रात्रींसाठी तिथे जाणार.

अजून एक गोष्ट आपल्या व्हिडिओत दिसत नाही. याच विदर्भ-मराठवाड्यात फासेपारधी समाजाच्या पिढ्या तितर-लाव्यांवर जगल्या. फास लावण्याचं त्यांचं कसब असं की नावातच आलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक भटक्या जमातींना 'जन्मजात गुन्हेगार' ठरवायला सुरुवात केली, पारधीही त्यात ओढले गेले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. पुढे १९७२ चा कायदा आला आणि पोटासाठीची शिकारही बंद झाली. जे त्यांनी पोटासाठी केलं तर तुरुंग, ते आपण वीकेंडला छंद म्हणून केलं तर ॲडव्हेंचर? हा हिशेब मला तरी जुळवता आला नाही.

तो तेराशे किलोमीटर चालून आला

आणि जंगलाकडूनही एकदा बघा. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ हा तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा प्रवास कळला. महाराष्ट्र आणि तेलंगणातून, शेतं, ओढे, हायवे पार करत, साधारण तेराशे किलोमीटर चालून तो डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. कॉलर २०२० च्या एप्रिलमध्ये काढली, तोवरचा त्याचा हिशेब तीन हजार किलोमीटरच्या वर गेला होता. आपल्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या कुणाचा आहे?

तो इथे थांबला कारण इथे आडोसा होता, पाणी होतं, खायला होतं. जंगल म्हणजे हीच साखळी. रोही, रानडुक्कर वाघाचं, ससा-तितर बिबट्याचं, कोल्ह्याचं, रानमांजराचं. कोरड्या पानगळीच्या जंगलात हे ताट आधीच भरगच्च नसतं. त्यातला ससा आपण उचलला तर आपल्याला एक स्टेटस अपडेट मिळतं, कुणाचं तरी जेवण जातं. मग बिबट्या गावातल्या बकरीकडे वळला की बातमी होते.

मग पॉइंट टू-टू चालवायचीच नाही का?

चालवायची ना! आणि महाराष्ट्राइतकी ती शानदार फार थोड्या ठिकाणी चालली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण आणि ब्राँझ. त्याच्या हातात होती ती पॉइंट टू-टू रिमफायरच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, तेही याच काडतुसावर.

मजा म्हणजे इथे गणित उलटं. सॅकसाठी दीड किलोची बंदूक चांगली, रेंजवर मात्र नियमाने आठ किलोपर्यंतची चालते आणि नेमबाज त्यातला बराचसा कोटा वापरतात, कारण जड बंदूक कमी हलते. पन्नास मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ किती मोठं? १०.४ मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. सशापेक्षा कितीतरी अवघड शिकार आहे, आणि कुणी मरत नाही.

सुरुवात दहा मीटर एअर रायफलने होते. मान्यताप्राप्त क्लबमध्ये नाव घालायचं, क्लबचीच रायफल वापरायची, कोचच्या हाताखाली श्वास आणि उभं राहणं शिकायचं. काही काळ टिकलात, तर .२२ आणि परवान्याचा विचार. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला रेंज आहेत. दिवसभर एक्सेल शीट बघून डोकं भणभणत असेल तर सांगते, श्वास रोखून एका ठिपक्याकडे बघण्यासारखा स्ट्रेसबस्टर नाही.

आणि सॅकमध्ये काय?

मित्राने मागितलेलं सगळं, म्हणजे हलकं, दुमडणारं, लांबचं जवळ आणणारं, देणारी वस्तू आहे. दुर्बीण! तीच तीन कलमं लावून बघा.

वजन: ८×४२ ची चांगली दुर्बीण साधारण ६०० ते ७५० ग्रॅम. ८×३२ घेतली तर आणखी हलकी. एआर-७ च्या निम्म्याहून कमी.

आकडे: पहिला आकडा किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. हा आकडा मोठा तितकं संधिप्रकाशात जास्त उजळ दिसतं. १० पटीच्या मोहात पडू नका. मोठं दिसतं तसा हाताचा कंपही मोठा होतो.

चष्मा: तुम्ही चष्मिष्ट असाल (ऑफिसात कोण नाही?) तर 'आय रिलीफ' १५ मिलिमीटरच्या वर आहे का ते बघून घ्या. नाहीतर अर्धंच चित्र दिसतं.

पाणी: आत नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ घ्या. पावसाळ्यात लोणारच्या काठावर काचेवर आतून धुकं धरलं की सगळी मजा गेली.

लोणारहून आठवलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे उल्काविवर, २०२० पासून रामसर यादीतलं, पक्षी बघायला फर्स्ट क्लास. तिथून सुरुवात करा. मग वनखात्याची रीतसर परवानगी काढून, स्थानिक गाइड बरोबर घेऊन, पलढगच्या बाजूने ज्ञानगंगा बघा. मुक्काम अभयारण्याच्या बाहेर, जिथे परवानगी असेल तिथेच करा.

मित्राला मी ८×४२ सुचवली आहे. तो अजून बजेटचं रडगाणं गातोय, पण बंदुकीच्या टॅब्ज बंद केल्या असं म्हणतो. काकांनी तर त्याला कामच लावून दिलंय. रात्री मचाणावर बसायचं, रोही किती येतात आणि कुठून येतात ते मोजायचं, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी सांगायला आकडा हाताशी राहील. जागायची तयारी असेल तर तुम्हीही जा. चहा काकू देतात, थंडीचं जाकीट मात्र तुमचं तुम्ही न्या.